थांबायला जागा द्या: उंच गाडीवरून करी रोड ते वडाळा

डोंगरदऱ्या तुडवायला बनवलेली मोटरसायकल मी दोन दिवस मुंबईत फिरवली आणि चालत्या गाडीवरून एकदाही पडलो नाही. पडलो तेव्हा गाडी उभी होती.

गाडी नवी कोरी होती, माझी नव्हती आणि मला नकोच होती. तरी माझ्या गळ्यात कशी पडली ते पहिलं सांगतो, म्हणजे मध्येमध्ये विचारू नका.

मी लालबागला मसाल्याच्या डंकावर कामाला आहे. बायका मिरच्या-धणे भाजून आणतात, आम्ही कुटून देतो. उन्हाळाभर सीझन. त्यात माणसाचा माणूस राहत नाही, चटणी होते. हेल्मेट काढलं तरी बाजूचा शिंकतो. सीझन उतरला की मला फक्त झोपायचं असतं. पण मी झोपलो की बाबल येतो. बाबल आमच्याच चाळीतला, माझ्याच मजल्यावरचा, एसी दुरुस्तीचं काम करतो. मूळ मालवणचा आणि जीभ अजून तिकडेच ठेवून आलेला.

आमचा चौघांचा ग्रुप. मी, बाबल, दादरचा मंदार आणि गिरगावच्या शैलाताई. मंदार कॉम्प्युटरच्या कंपनीत साहेब आहे. शैलाताई बँकेत आहेत, आणि पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून मोटरसायकल चालवतात. चौघांकडे एकाच कंपनीची क्रूझर. कंपनीचं नाव घेत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, तसं समजा. माया आहे, पण तोंडाने नको.

क्रूझर म्हणजे बुटकी, लांब, जड गाडी. तिच्यावर बसायचं नसतं, रेलायचं असतं. ही गाडी मला का आवडते असं कोणी विचारलं तर मी आवाजाचं सांगतो, इंजिनाचं सांगतो, दोनचार शब्द मंदारचे ऐकलेले टाकतो. खरं कारण माझी उंची पाच फूट दोन इंच. जगात एवढी जड आणि एवढी बुटकी गाडी दुसरी नाही. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून मी असा बसतो की बाजूच्या गाडीवाल्याला वाटतं, उतरला तर केवढा असेल.

आता ह्याच कंपनीने, जिने जन्मभर बुटक्या गाड्या काढल्या, एकदम उंच गाडी काढली. अ‍ॅडव्हेंचर. पुढचं चाक बैलगाडीएवढं, सीट पोटापर्यंत, दोन्ही बाजूंना पेट्या. मंदारने ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "स्पिती?" म्हणजे थेट हिमालय. बाबलने सतरा बदाम टाकले. शैलाताईंनी एकच शब्द टाकला, "हो." मी अंगठा टाकला. अंगठ्याचा अर्थ काय लावायचा तो लावा, मी बोललो नव्हतो.

आमच्यात एक नियम आहे, मंडळाच्या मीटिंगसारखा. गाडी बदलायची तर चौघांनी. एकजण जरी नाही बोलला तर कोणीच घ्यायची नाही. कारण तिघांच्या गाड्या डोंगर चढणाऱ्या आणि एकाची बसून राहणारी झाली, की तो एक सुटला. आणि तो एक कोण, हे मला फोटो बघितल्या बघितल्या कळलं होतं. वर्षातून दोनदा ह्या तिघांबरोबर मी बाहेर पडतो. बाकी डंक, खोली, डंक. हे तिघं गेले तर मी त्या बुटक्या गाडीवर बसून कुठे जाणार, नळाला पाणी आलं का बघायला?

शोरूमच्या मॅनेजरने ट्रायलची गाडी दोन दिवस घरी न्यायला दिली, चार बुकिंगचा वास आला होता त्याला. तिघांची ऑफिसं, कामं. म्हणून बाबल बोलला, "सुऱ्या, तुझो सीझन संपलो. तू चालव. नुसती चालव नको, चार रायडरांक इचार. रविवारी वडाळ्याक मिठागरात भेटू, थंय ट्राय मारू आणि काय ता फायनल करू."

मी मनात तिथंच फायनल केलं होतं. दोन दिवस फिरायचं, वाईट मतं गोळा करायची आणि रविवारी तोंड पाडून बोलायचं, "नको रे, मजा नाय."

शनिवार सकाळ, करी रोड

शोरूमला गाडी उताराच्या बाजूला, चौथऱ्याला लागून उभी होती. मी चौथऱ्यावरूनच टांग टाकली. कोणाला काही कळलं नाही. खरी ओळख चाळीच्या दारात झाली. गाडीवर बसलो आणि पाय खाली सोडले. खाली काही नव्हतं. म्हणजे जमीन होती, पण ती माझ्यापासून लांब होती. उजव्या पायाचा अंगठा लागत होता, तोही चपलेचा.

बायको गॅलरीतून बघत होती. "काय ओ, लग्नात घोड्यावर बसला नाहीत, ती हौस आता फेडताय?"

"टेस्ट चाललीय," मी बोललो.

"कोणाची?"

हिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. मी गिअर टाकला आणि निघालो. निघताना एक शोध लागला तो लिहून ठेवतो, पुढे कोणाच्या कामाला येईल. ही गाडी चालू असेपर्यंत काहीच प्रॉब्लेम नाही. खड्डा आला कळत नाही, गतिरोधक आला कळत नाही, आमच्या गल्लीतलं गटाराचं झाकण, जे माझ्या क्रूझरवर थेट मणक्यात येतं, ते कधी गेलं कळलं नाही. लोचा फक्त थांबण्यात आहे. थांबायचं तर पाय टेकायला काहीतरी उंच लागतं. फूटपाथ, डिव्हायडर, कोणाच्या दुकानाची पायरी.

म्हणजे मी त्या दोन दिवसांत मुंबई नाही बघितली. मुंबईच्या कडा बघितल्या.

लालबाग, परळ

पहिला सिग्नल लाल झाला तेव्हा मी रस्त्याच्या मध्ये होतो. तिथून डाव्या कडेला जाईपर्यंत एका टॅक्सीवाल्याने माझ्या आईची चौकशी केली. फूटपाथला पोचलो तर फूटपाथवर मंडपाच्या बांबूंची चळत. बांबूवर पाय ठेवला, बांबू गोल. कसातरी उभा राहिलो. पुढच्या सिग्नलला फूटपाथच नाही, मेट्रोच्या कामाचा पत्रा. पत्र्याला कोपर टेकून उभा राहिलो, आरामात उभा आहे असं दाखवत. उन्हाने पत्रा तापलेला. कोपराचं कातडं आत्ता कुठे नीट आलंय.

मुंबईत फूटपाथ चालायला नसतात हे मला माहीत होतं. पाय टेकायलाही नसतात हे गाडी उंच झाल्यावर कळलं.

परळला एका चहाच्या टपरीपाशी बरा, उंच, मजबूत कट्टा दिसला. चहा नको होता, कट्टा पाहिजे होता. तिथं पाटीलमामा भेटले. मामांकडे आमच्याच कंपनीची फार जुनी क्रूझर आहे, ते तिला रविवारी आंघोळ घालतात. गाडीभोवती त्यांनी एक चक्कर मारली, मयताला आल्यासारखी.

"कंपनी आपली?"

"आपलीच."

"मग ही अशी का उभी आहे, बगळ्यासारखी?"

मी खूश झालो. मत पाहिजे होतं तसंच मिळत होतं. "काय वाटतं मामा? रायडर म्हणून?"

"रायडर म्हणून काय वाटायचंय? तुझ्या त्या डंकावर उद्या कॉफी दळायला लागले तर तुला काय वाटेल?" मामांनी बशीत चहा ओतला. "आयुष्यभर आम्हाला सांगितलं, घाई करू नका, आरामात चला, रस्ता बघा. आता म्हणतात डोंगर चढा. मी ह्या वयात कुठला डोंगर चढू? माझ्याच्याने दुसरा मजला होत नाही."

मी "वा" बोललो. मामा चहा प्यायले. मग थांबून बोलले, "सीट मात्र चांगली दिसते रे. आमच्या गाडीने कंबर गेली, खरं सांगायचं तर."

हे शेवटचं वाक्य रविवारी सांगायचं नाही असं ठरवून मी निघालो. निघालो म्हणजे मामांनी मागून ढकललं.

दादर

दुपारपर्यंत मी थकलो. चालवून नाही थकलो. पुढे कुठे थांबायचं ह्याचा विचार करून थकलो. माणूस एरवी रस्त्याचा विचार करतो, मी फक्त थांब्याचा करत होतो. त्यात जो भेटेल त्याला गाडीबद्दल बोलायचं होतं. सिग्नलला काच खाली करून बोलायचे, बसच्या खिडकीतून बोलायचे. आमच्याकडे पाणी दिवसातून एकदा येतं, मतं चोवीस तास. एकजण बोलला चेन ड्राइव्हचं काय, एकजण बोलला मागचं चाक बारीक आहे. एका काकांनी फक्त "पेट्रोल किती पिते" विचारलं आणि मी आकडा सांगायच्या आधीच मान हलवली.

दादरला भाजीच्या गल्लीत तो प्रसंग झाला. समोर हातगाडी आडवी आली, मी ब्रेक मारला, गाडी छान थांबली. मी उजवा पाय खाली सोडला. रस्ता त्या बाजूला उतरता होता. पाय खाली गेला, अजून खाली गेला, आणि त्याच्या मागोमाग मी गेलो, आणि माझ्या मागोमाग गाडी. एकदम सावकाश. एवढ्या सावकाश की मला वाटेत विचार करायला वेळ मिळाला. मी विचार केला, कोथिंबीर आहे, लागणार नाही.

"अरे मेल्या, पंचवीस जुड्या आहेत त्या!" भाजीवाली मावशी ओरडली. "डोळे आहेत का बटाटे?"

"मावशी, गाडी उंच आहे."

"गाडी उंच आहे तर तू कशाला बसलास? उंच माणूस नव्हता घरात?"

तीन माणसांनी गाडी उचलली. मला मावशीने उचललं, एका हाताने, कोथिंबिरीसारखंच. अंगाला मिरचीचा वास सीझनभर होताच, वर कोथिंबीर लागली. मी चालतं वाटण झालो होतो. पंचवीस जुड्या विकत घेतल्या, अ‍ॅडव्हेंचर गाडीच्या पेट्यांमध्ये भरल्या. आत्तापर्यंत त्या पेट्यांचा तेवढाच उपयोग झालाय.

गाडी उचलणाऱ्यांत एक डिलिव्हरीवाला होता, पाठीवर ती चौकोनी पिशवी. तो गेला नाही, गाडीकडे बघत राहिला. मी धूळ झटकत विचारलं, "काय वाटतं?"

"मस्त आहे दादा. हिला खड्ड्याचं टेन्शन नाय."

"क्रूझरवाल्या कंपनीने असली गाडी काढावी का?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "का नको?"

"त्यांचं ते काम नाय ना."

"मी पण आधी झेरॉक्सच्या दुकानात होतो," तो बोलला. "ते बंद झालं, मग हे करतो. दादा, पावसाळ्यात हिंदमाताला या एकदा, कमरेएवढं पाणी. आम्ही रोज अ‍ॅडव्हेंचर करतो, पण गाडी स्कूटर देतात." त्याचा फोन वाजला आणि तो पळाला.

हेही मत रविवारी सांगायचं नाही असं मी ठरवलं. खरं तर हे मत डोक्यातून काढायचं होतं, पण ते दादरपासून गिरगावपर्यंत मागच्या सीटवर बसून आलं.

शनिवार संध्याकाळ, गिरगाव

गिरगावहून मी परदेशी जाऊन आल्यासारखा परत येतो दरवेळी. लालबागला आम्ही एकमेकांशी ओरडून बोलतो, कारण डंक चालू असतो. डंक बंद असला तरी ओरडतो. गिरगावला लोक बारीक आवाजात बोलतात आणि तरी ऐकू जातं. आमच्याकडे पाहुणा आला की चहा आधी येतो, तू कोण ते नंतर विचारतात. शैलाताईंच्या वाडीत आधी विचारतात, "घेणार ना?" मला अजून कळलेलं नाही की पहिल्यांदा हो बोलायचं का दुसऱ्यांदा. मी आपला तिसऱ्यांदा बोलतो. तोपर्यंत कधीकधी विषय बदललेला असतो.

शैलाताईंच्या चाळीच्या तोंडाशी दगडी पायरी आहे, चांगली उंच. देवाने माझ्यासाठी बांधली असावी. तिच्यावर पाय टेकून मी ऐटीत हॉर्न वाजवला. ताई खाली आल्या. ताई माझ्यापेक्षाही चार बोटं कमी आहेत, पण त्यांच्याकडे वरून बघतोय असं कोणालाच वाटत नाही.

"कोपराला काय झालं सुरेश?"

"पत्रा."

"आणि केसांत?"

"कोथिंबीर."

त्यांनी पुढे विचारलं नाही. बँकेत बसून बसून त्यांना न विचारता कळतं. वर नेलं, थालीपीठ वाढलं, लोण्याचा गोळा एवढा की मला वाटलं तो बघायला ठेवलाय. सव्वीस मजल्यांचा टॉवर त्यांच्या खिडकीसमोर उभा राहिलाय, त्यामुळे घरात साडेचारलाच संध्याकाळ होते. त्यांचे मिस्टर पेपर वाचत होते. दिवा लावला आणि परत वाचायला लागले.

"गाडी कशी आहे?" ताईंनी विचारलं.

"मजा नाय," मी बोललो. तालीम चालू केली. "कंपनीचं हे काम नाय. पाटीलमामा बोलले, बगळ्यासारखी दिसते. दादरला लोक नावं ठेवत होते."

"लोकांचं राहू दे. तुला कशी वाटली?"

मी थालीपीठ तोंडात कोंबलं. एवढं सरळ विचारल्यावर दुसरं काय करणार.

ताई लोणी पुढे सरकवत बोलल्या, "मला ना, स्पितीला जायचंय. रिटायर व्हायला थोडंच राहिलंय, नंतर गुडघे देतील का माहीत नाही. पण तू नको म्हणालास तर नको. नियम म्हणजे नियम."

हे त्या एवढं साधं बोलल्या की मला घासच गिळवेना. मिस्टरांनी पेपराआडून विचारलं, "पाणी हवंय का त्यांना?" मी पहिल्यांदाच हो बोललो.

परत जाताना क्वीन्स नेकलेसला गेलो नाही. लोक म्हणतात तिथं गाडी चालवायला मजा आहे. पण तिथला कट्टा समुद्राच्या बाजूला आहे आणि मी रस्त्याच्या. करी रोडला पोचेपर्यंत पाठ, मान, तळवे सगळं बोंबलत होतं. बायकोने पेटीतून कोथिंबीर काढली आणि जुड्या मोजल्या नाहीत, हेच तिचे उपकार. दोन दिवस आमच्याकडे सगळ्यात कोथिंबीर होती. चहात नव्हती असं वाटतं, पण खात्री नाही.

रविवार सकाळ, वडाळा

सकाळी वडाळ्याच्या मिठागरांच्या बाजूला आम्ही चौघं जमलो. मुंबईत एवढं सपाट, एवढं उघडं काही उरलंय हे मला दरवेळी नव्याने कळतं. पांढरी-करडी जमीन, मध्ये मध्ये साचलेलं पाणी, पलीकडे रेल्वेचं यार्ड, त्याच्यापलीकडे टॉवर. बांध सोडून बाजूला एक मोठा सुका पट्टा होता, ट्रक जाऊन जाऊन घट्ट झालेला. मंदारने आधीच बघून ठेवलेला.

मंदार बोलायला लागला. सस्पेन्शन ट्रॅव्हल, ट्रॅक्शन कंट्रोल. "सुरेश, ऑनेस्टली सांग, रायडर्सचं फीडबॅक काय आहे? इंटरनेटवर मिक्स्ड आहे. जुने ओनर्स म्हणतात कंपनीने स्वतःची आयडेंटिटी सोडली."

"तेच," मी बोललो. "आयडेंटिटी सोडली." शब्द चांगला होता, मी उचलला.

"मेल्या, आयडेंटिटी घालूक जाऊ दे," बाबल बोलला. "कच्च्यात कशी चालता ता दाखव. मग बोल."

आता गाडी उभी होती बांधाच्या कडेला, मी आल्या आल्या अक्कल लावून तिथंच लावलेली. बांधावरून टांग टाकली. विचार असा होता की दोन मिनिटं चालवायची, जरा डुगडुग करायची, तोंड वाकडं करून परत यायचं आणि बोलायचं, बघितलंत?

मी सुटलो.

आणि इथं मला जरा लाज वाटते सांगायला. गाडी छान चालली. छान म्हणजे काय सांगू. खालची जमीन खडबडीत, पण गाडी ते स्वतःच गिळत होती, माझ्यापर्यंत येऊ देत नव्हती. वाऱ्याला मिठाचा वास होता. सीझनभर कानात डंक बसलेला असतो, तो झोपेतही चालू असतो. तो बंद झाला. मी पट्ट्याच्या टोकाला गेलो, वळलो, परत आलो. त्या तिघांसमोरून गेलो. बाबलने हात केला, "थांब!"

मी थांबायला गेलो आणि बघितलं, तर थांबायला काहीच नव्हतं. बांधाच्या कडेला, जिथून मी चढलो होतो, तिथं आता ते तिघं आपल्या गाड्या लावून उभे. पुढचा बांध पाण्याला लागून, बाकी सगळीकडे सपाट. फूटपाथ नाही, डिव्हायडर नाही, पायरी नाही, दगड नाही. एवढी मोठी जमीन आणि पाय ठेवायला जागा नाही.

मी पुढे निघून गेलो. दुसरा फेरा मारला.

"थांब रे! आमका दी!" बाबल ओरडला.

मी हात हलवला. तिसरा फेरा. चौथ्याला मंदारने मोबाईल काढला आणि व्हिडिओ घ्यायला लागला. पाचव्याला मला ऐकू आलं, मंदार शैलाताईंना सांगत होता, "बघा ना, उतरायलाच तयार नाही तो. ह्याच्यापेक्षा बेस्ट रिव्ह्यू काय पाहिजे?"

बाबल नाचत होता. खरोखर नाचत होता, मिरवणुकीत नाचतो तसा, बोट वर करून.

मी दात ओठ खात फिरत होतो. मला वाटलं पेट्रोल संपेपर्यंत फिरावं. मग डोक्यात आलं, पेट्रोल संपलं की गाडी थांबते. उन्हं वर आली, अंगातून घाम, हात भरून आले, तरी मी फिरतोय, घाण्याचा बैल परवडला, त्याला निदान कोणी बाजूला घेतं. आणि प्रत्येक फेऱ्याला माझा नकार पातळ होत चालला होता. एवढा वेळ हसत हसत फिरलेला माणूस उतरल्यावर "मजा नाय" कुठल्या तोंडाने बोलणार? हसत नव्हतो मी. पण लांबून दात दिसले की लोकांना हसूच वाटतं.

शेवटी शैलाताई पुढे आल्या. पट्ट्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, एकदम स्थिर, आणि डाव्या खांद्यावर थोपटून दाखवलं. मला कळलं. मी हळू झालो, त्यांच्या बाजूला आलो, ब्रेक दाबला आणि त्यांचा खांदा पकडला. त्या हलल्या नाहीत.

"गिरगावात पायरीला चिकटून उभा होतास तेव्हाच वाटलं होतं मला," त्या हळू बोलल्या. "उतर आता."

मी उतरलो. बाबल आणि मंदार धावत आले. मंदार बोलला, "डन ना? बुकिंग करू?"

इथं मी खोटं बोलू शकलो असतो. पण फार थकलो होतो. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

"गाडी एक नंबर आहे," मी बोललो. "मत बित काय खरं नाय. पाटीलमामांना सीट आवडली. डिलिव्हरीवाल्याला आवडली. मला पण आवडली. पण माझे पाय पोचत नाहीत. काल दादरला पडलो. आत्ता फिरत होतो ते मजेत नाही, थांबता येत नव्हतं म्हणून. तुम्ही तिघं घ्या. मी नियम सोडतो. स्पितीला जाऊन या, फोटो टाका, मी अंगठा देतो."

लांब यार्डात एक डबा दुसऱ्या डब्याला धडकला. मंदारने व्हिडिओ बंद केला. तोपर्यंत तो चालूच होता.

शैलाताईंनी हेल्मेट घातलं. स्टँडवर उभ्या गाडीच्या पाय ठेवायच्या दांडीवर उभं राहून टांग टाकली, घोड्यावर बसतात तशी. एक फेरा मारला आणि आमच्यासमोर येऊन सपाट जमिनीवर थांबल्या. थांबताना सीटवरून अर्ध्या घसरल्या, डावा पाय पूर्ण जमिनीवर, उजवा वरच. बस. तशाच उभ्या राहिल्या, बसस्टॉपवर उभं राहावं तशा.

"एक पाय पुरतो," त्या बोलल्या. "दोन्ही टेकायला ही काय खुर्ची आहे?"

दोन दिवस मी सीटच्या मधोमध बसून अख्ख्या मुंबईत कडा शोधत फिरलो होतो. मला बसावंसं वाटलं. बांधावर बसलो.

"तरी नको ताई," मी बोललो. "माझं वय झालं. मी मागे पडणार. घाटात तुम्ही पुढे जाणार आणि माझ्यासाठी थांबणार, दरवेळी. तुमची मजा जाईल." मला वाटलं, आता हे तिघं बोलतील, असं काय बोलतोस सुरेश, तुझ्याशिवाय ग्रुप कसला. बाबल तर लहानपणापासूनचा. तो माझ्या बाजूला येऊन बसलाही. खांद्यावर हात ठेवला. मी डोळे पुसायच्या तयारीत होतो.

बाबल बोलला, "मेल्या, तुका येवचाच लागतला. घरात स्पितीचा नाव काढलंय तर बायको नाय म्हणाली. तू येतंस म्हणान सांगितलंय तेव्हा खंय हो म्हणाली. ती म्हणता, सुरेश भावजी असतले मां बरोबर, मग गाडी कोणाचीच चाळीसच्या वर जावची नाय."